सात नंबरचा अंगठा

पारखींच्या उजव्या पायाचा अंगठा दुखायला लागला तेव्हा त्यांनी पहिला संशय मोज्यावर घेतला. मोजा बदलला. मग संशय कपडे धुण्याच्या साबणावर गेला, साबणावरून साबण आणणाऱ्या बायकोवर गेला आणि तिथे तीन दिवस मुक्काम ठोकून राहिला. बुटावर संशय घ्यायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. ते घरच्याच माणसावर आळ घेतल्यासारखं झालं असतं.

कारण पारखी बुटांच्या दुकानात होते. एक-दोन नव्हे, सव्वीस वर्षं. त्यांचं खरं आडनाव दुसरंच होतं, पण ते आता फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की पारखी त्याच्या तोंडाकडे बघत नसत. पायाकडे बघत, आणि गिऱ्हाईक बसायच्या आत नंबर सांगून मोकळे होत. "आठ. डावा जरा रुंद आहे." गिऱ्हाईक थक्क. आणि नंबर खरोखरच बरोबर निघे, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. यावरून त्यांना 'पारखी' हे नाव पडलं आणि त्यांनी ते पदवीसारखं धारण केलं.

दुकानात पायाचं माप घ्यायची एक लोखंडी पट्टी होती. तिच्यावर टाच टेकवून पाय ठेवायचा, पुढचा सरकता तुकडा बोटांना भिडवायचा आणि आकडा वाचायचा. पारखी तिला हात लावत नसत. "ज्याला नजर नाही त्यानं पट्टी धरावी," असं ते म्हणत आणि म्हणताना कोपऱ्यातल्या मुलीकडे बघत. ही मुलगी तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागली होती आणि येईल त्या गिऱ्हाइकाचा पाय मोजत होती. एक नव्हे, दोन्ही! एखादं गिऱ्हाईक घाईत असलं तरी ती हसतहसत म्हणायची, "बसा ना, अर्धं मिनिट लागतं." पारखींनी तिचंच नाव 'पट्टी' ठेवलं होतं. तिनं ते फार मनावर घेतलं नव्हतं, आणि याचाच पारखींना राग होता.

स्वतः पारखींचा नंबर सात. हाही त्यांनीच ठरवलेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. झालं होतं असं, की दुकानात मांडणीसाठी कंपनीकडून नमुन्याचे म्हणून जे पुरुषांचे बूट येत ते सगळे सातच नंबरचे असत. हंगाम संपला की हे नमुने नोकरांत वाटून टाकायची पद्धत होती. अर्थात ज्याचा पाय सात, त्याला दर हंगामात नवाकोरा जोड. तेव्हाच्या मॅनेजरनं विचारलं, "सात कुणाचा?" पारखींनी खाली आपल्या पायांकडे एक नजर टाकली आणि ते सात असल्याचं त्यांना स्पष्ट दिसलं. त्यानंतर सव्वीस वर्षं त्यांनी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. गरजच काय? समोर रोज शंभर पाय असताना स्वतःचे कोण बघत बसतो?

हे झालं अंगठ्याचं पूर्वचरित्र. आता दुखण्याच्या वेळेकडे बघा. मॅनेजर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. वीस तारखेला मुख्य कचेरीतले तपासनीस दुकान बघायला येणार आणि नवा मॅनेजर ठरवणार. तो कोण असणार हे सगळ्यांना माहीत होतं. पारखींच्या घरी तर मॅनेजरच्या खुर्चीला पाठीशी लावायची उशीसुद्धा शिवून तयार होती. आणि नेमका त्याच महिन्यात हा माणूस लंगडायला लागला. लंगडणाऱ्याकडून बूट घेणं म्हणजे टकल्याकडून केसांचं तेल घेणं. पारखींना हे पुरेपूर कळत होतं. म्हणून दुकानात ते लंगडत नसत. ते अतिशय हळू आणि रुबाबात चालत. काही गिऱ्हाइकांना तेच मॅनेजर वाटले.

चालण्यावरून आठवलं. त्यांची बायको चालताना नेहमी चार पावलं मागे असायची. बाजारात, बागेत, नातेवाइकांकडे जाताना, कुठेही. पारखी वळून म्हणायचे, "अगं, पाय उचल जरा." "चप्पल चावते," ती म्हणायची, पण आपण बघून दिलेली चप्पल चावत नसते, यावर पारखी ठाम होते. गेल्या वर्षापासून मात्र ती झपझप चालू लागली होती. याचं श्रेय पारखी स्वतःकडे घेत. त्यांनी तिला सकाळी फिरायला जायची सवय लावली होती ना! आता ती पुढे आणि पारखी मागे असा देखावा इमारतीच्या फाटकात दिसायला लागला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनकाकांनी जिन्यातच त्यांना गाठलं.

"अंगठा ना? उजवा? नख आत घुसलंय," काका म्हणाले. त्यांनी छत्तीस वर्षं पायी पत्रं वाटली होती आणि त्यामुळे गुडघ्याखालच्या सर्व विषयांवर त्यांचा अधिकार चाले. "काही करायचं नाही. नखाच्या मधोमध एक त्रिकोणी खाच पाडायची. मग नख ती खाच भरायला मध्याकडे धावतं आणि बाजू आपोआप सुटतात."

"असं होतं?"

"माझ्या पायावर केलंय मी. एकवीस वेळा!"

एकवीस वेळा का करावं लागलं, हे पारखींनी विचारायला हवं होतं. पण सल्ला देणाऱ्याचा आवाज खणखणीत असला की माणूस हिशेब विचारत नाही. त्याच्या आदल्याच दिवशी पारखींनी न्हाणीघरात बसून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, नेलकटरनं नखाचे दोन्ही कोपरे खोलवर उकरून काढले होते. त्यात आत एक बारीकशी टोकदार कपची राहिली होती आणि ती आता मांसाला भाल्यासारखी टोचत होती. त्यावर ही खाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजा काढताना त्याचा एक धागा त्या खाचेत अडकला. पारखींनी मोजा ओढला. मोज्यानं नख ओढलं. पारखी जे ओरडले ते ऐकून काका वरून खाली आले आणि म्हणाले, "लागू पडतंय वाटतं!"

शेवटी बायकोनं त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर घरचे जुने, मितभाषी. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, खाचेकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

"ही कुणी पाडली?"

"पोस्टानं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, की नख वाढतं ते मुळातून. टोकाला कुणी खाच पाडली, का नक्षी काढली, याची मुळाला खबरही नसते. मग त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून दोनदा पाय बुडवणे. नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवणे, म्हणजे नख मांसावरून उचललेलं राहील. बाजूची कातडी चिकटपट्टीनं ओढून नखापासून दूर ठेवणे. पुढे नख कापाल तेव्हा सरळ कापणे, कोपरे न गोलावता. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून, 'बंद बूट बंद. पुढून मोकळी चप्पल.'

पारखींनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि शेवटचं कलम सोडून सगळं पाळायचं ठरवलं. चप्पल घालून बुटांच्या दुकानात उभं राहायचं? आणि नियमच होता, पुरुष नोकरांनी कंपनीचे बंद, पॉलिश केलेले बूट घालावेत. म्हणजे सकाळी पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात, मग कापूस, मग चिकटपट्टी, मग तो शुश्रूषा झालेला अंगठा सात नंबरच्या बुटात दहा तास कोंबायचा, आणि संध्याकाळी पुन्हा पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात. सकाळी शिवायचं आणि दिवसभर उसवायचं, असा हा उपचार चालला.

"अहो, बूट लहान पडतोय तुम्हाला," बायको एकदा म्हणाली.

"तू मला बुटातलं सांगणार?" पारखी म्हणाले. तिनं एकदा आपल्या चपलेकडे पाहिलं, पण पारखींचं लक्ष बादलीकडे होतं.

यावर एक मार्ग होता. आठवडाभर रजा घ्यायची, पाय मोकळा ठेवायचा आणि वीस तारखेला ताठ उभं राहायचं. पारखींनी आजारपणाच्या रजेचा अर्ज मुख्य कचेरीला पाठवला. कारण : नख आत वाढणे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'नखे, केस इत्यादींची देखभाल वैयक्तिक निगा या सदरात मोडते. वैयक्तिक निगा कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेबाहेर करावी.'

सव्वीस वर्षांच्या नोकरीत पारखी इतके कधी दुखावले नव्हते. त्यांनी उलट टपाली लिहिलं, की सदर नख हौसेने वाढवलेले नसून ते स्वतःहून आत वाढले आहे, व ज्या कंपनीचा सारा व्यवहार पायांवर चालतो तिने अंगठ्याची अशी अवहेलना करावी हे खेदजनक आहे. शेवटचं वाक्य त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. कचेरीचं उत्तर आलं, 'खेदाची नोंद घेतली. पुराव्यादाखल छायाचित्र जोडावे. छायाचित्रात कर्मचाऱ्याचा चेहरा व बाधित अवयव एकत्र व स्पष्ट दिसावेत.'

एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाचा चेहरा आणि अंगठा सहसा एकत्र येत नाहीत. पारखी आधी पलंगावर बसले, मग आडवे झाले, मग भिंतीला पाठ लावून त्यांनी दोन्ही हातांनी पाऊल उचललं आणि गालाजवळ आणलं. बायको मोबाइल धरून उभी होती. "जरा हसा," ती सवयीनं म्हणाली. पारखी सवयीनं हसले. तेवढ्यात कंबरेत काहीतरी कटकन वाजलं, पण फोटो सुरेख आला. इतका सुरेख, की मुख्य कचेरीनं तो सगळ्या शाखांना परिपत्रकासोबत पाठवला. विषय : 'रजेच्या अर्जास छायाचित्र कसे जोडावे, नमुना.' दुकानातल्या फलकावर तो लागला तेव्हा पारखी एका गिऱ्हाइकाला सँडल दाखवत होते. गिऱ्हाइकानं फलकाकडे पाहिलं, पारखींकडे पाहिलं आणि विचारलं, "योगासनं शिकवता का?" रजेचं काय झालं, याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

संध्याकाळी फलकावरून तो कागद गायब झाला. पट्टीनं काढला होता. "सर, वारा लागून पडला," ती म्हणाली. दुकानाला खिडकी नव्हती. पारखींनी मान हलवली आणि तिचे आभार मानायचे टाळले.

मग कुणीतरी पायांच्या तज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. त्या दातांना बसवतात तशी एक बारीकशी तार नखावर चिकटवत. तार हळूहळू कडा वर उचलते, कापाकापी नाही, इंजेक्शन नाही. कापाकापी नाही म्हटल्यावर पारखी लंगडत का होईना, धावत गेले. बाईंनी तार बसवली आणि सांगितलं, "चार-सहा महिने लागतील. आणि बूट सैल हवा."

"सैलच आहे," पारखी म्हणाले.

बाईंनी बुटाकडे पाहिलं. "किती नंबर?"

"सात. माझा नंबर मला माहीत आहे. माझं कामच आहे ते!"

बाईंनी जास्त वाद घातला नाही. त्यांच्या खुर्चीसमोर रोज असे पुष्कळ जाणकार येत असावेत. दोन दिवस तारेनं खरोखर आराम पडला. तिसरा दिवस वीस तारखेचा होता. पारखींनी नमुन्याचा नवाकोरा जोड पायात चढवला, तेव्हा आत कुठेतरी टिक् असा आवाज आला. तार सुटली होती आणि तिचं एक टोक आता अंगठ्याच्या नेमक्या त्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. बूट काढून बघायला वेळ नव्हता. तपासनीस दारात उभे होते.

हे तपासनीस म्हणजे चांगलेच धिप्पाड गृहस्थ. ते आत आले तशी पारखींनी सवयीनं नजर खाली टाकली आणि म्हणाले, "दहा. उजवा किंचित मोठा. चवड्याला रुंद लागेल." तपासनीस थबकले. "बरोबर! अगदी बरोबर!" ते मॅनेजरकडे वळून म्हणाले. मॅनेजरनं अभिमानानं मान डोलावली. आता खुर्ची आणि पारखी यांच्यात फक्त एक जोड उरला होता. पारखी गुडघ्यावर बसले, त्यांनी स्वतःच्या हातांनी तपासनिसांच्या पायात दहा नंबरचा बूट चढवला, नाडी बांधली आणि म्हणाले, "आता जरा चालून बघा, साहेब."

साहेब उठले. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते सरळ पारखींच्या उजव्या अंगठ्यावर.

पारखी काय बोलले हे त्यांना नंतर आठवत नव्हतं. दुकानातल्या इतरांना आठवत होतं, पण कुणी ते पुन्हा उच्चारायला तयार झालं नाही. त्यात कंपनीचा, परिपत्रकाचा आणि साहेबांच्या वजनाचा उल्लेख होता एवढं नक्की. मोज्यातून रक्त आणि त्याहून वाईट काहीतरी बाहेर आलेलं पाहून पट्टीनंच रिक्षा बोलावली, त्यांना इस्पितळात नेलं आणि वाटेत फोन लावला. "काकू, घाबरू नका. हो, तोच अंगठा. हो, मी आहे सोबत." कळवळत असतानाही पारखींना प्रश्न पडला, की माझ्या बायकोचा नंबर हिच्याकडे कसा?

शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. ती म्हणाली, "आता वात, तार वगैरेचे दिवस गेले. नखाची ही एक कड उभी कापून काढू, आणि त्या कडेच्या मुळाशी औषध लावून मूळ जाळू, म्हणजे तिथून नख पुन्हा येणार नाही. बाकीचं नख शाबूत राहील. अंगठ्याच्या बुडाशी दोन इंजेक्शनं देईन, तेवढीच दुखतील." ती खरं बोलत होती. तेवढीच दुखली, पण मनापासून दुखली. नंतर सगळं दहा मिनिटांत उरकलं. तीन आठवडे चाललेलं प्रकरण दहा मिनिटांत संपलं याचाच पारखींना थोडा अपमान वाटला. काढलेली नखाची कड डॉक्टरनं चिमट्यात धरून दाखवली. एवढीशी, जेमतेम गव्हाच्या ओंबीच्या कुसाएवढी.

मग तिनं पलंगाखालचा बूट उचलला, आत हात घालून पाहिला, पारखींच्या पावलाशेजारी धरला. "हा तुमचाच बूट?"

"हो."

"कुणी माप घेतलं होतं?"

पारखी छताकडे बघत राहिले. बायको आणि पट्टी दोघी एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"काय काम करता तुम्ही?" डॉक्टरनं सहज विचारलं.

"व्यापारात आहे," पारखी म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते दुकानात परतले तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एकात त्यांची आजारपणाची रजा मंजूर झाली होती, मागच्या महिन्याची. दुसऱ्यात पट्टीची मॅनेजर म्हणून नेमणूक होती, आणि पारखींना 'वरिष्ठ माप-सल्लागार' हा नवा हुद्दा दिला होता. त्याला काम, खुर्ची आणि अधिकार यांपैकी काहीही जोडलेलं नव्हतं. पारखींनी पत्र तीनदा वाचलं. त्यांना राग यायला हवा होता, आणि आलाही. पण सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते घरी शिवून ठेवलेल्या त्या उशीचं.

पट्टी केबिनमधून बाहेर आली. हातात ती लोखंडी पट्टी होती. "सर, नियमानं बूट घालावेच लागतील. पण आधी बसा."

पारखींनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती अशी वेळ बघूनच आली असावी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले. मॅनेजर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. बसलेल्या माणसाला इथून किती उघडं वाटतं, हे त्यांना आज कळलं. तिनं डावा पाय पट्टीवर ठेवला, तुकडा सरकवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आठ."

पारखींनी मान खाली घातली. घातली तशी नजर उजव्या पावलावर पडली. ते बराच वेळ बघत राहिले, अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

"थांब," ते म्हणाले. "उजवा साडेआठ. चवड्याला रुंद."

तिनं उजवा पाय पट्टीवर घेतला, तुकडा सरकवला, वाकून आकडा वाचला आणि वर बघून हसली. साडेआठ. रुंद.

त्या संध्याकाळी पारखी मोठ्या उमेदीनं घरी आले. नव्या बुटांत अंगठा हलत होता. आपल्याला अंगठे हलवता येतात, हे त्यांना पार तरुणपणापासून ठाऊक नव्हतं. त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि जरा अवघडत म्हणाले, "अगं, तुझा पाच नंबरसुद्धा मीच सांगितला होता, नाही का? लग्नाच्या आधी."

"हो. इवलेसे पाय आहेत, म्हणाला होतात."

"तर आता जरा पाय पुढे कर. मी नीट बघतो."

तिनं चप्पल काढली आणि त्यांच्या हातात दिली. तळव्यावर पाच नंबराचं चकचकीत लेबल होतं. पारखींनी ते नखानं जरा उचकटलं. खाली दुसरं लेबल होतं. सहा.

"वर्ष झालं," बायको म्हणाली. "तुम्ही दुपारी घरी जेवून आडवे झाला होतात, तेव्हा मी दुकानात गेले होते. पोरीनं दोन्ही पाय मोजले. वर पाचाचं लेबलही तिनंच लावून दिलं. म्हणाली, सरांना वाईट वाटेल."

पारखी चप्पल हातात धरून बसले. बागेतली ती झपझप चाल, सकाळचं फिरणं, आणि आपण चारचौघांत घेतलेलं श्रेय, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली आणि चप्पल घालून झपझप स्वयंपाकघरात गेली.